चार स्पीकरांचा हिशेब

विद्युत्-गिटार हे वाद्य वादकाच्या खांद्याला अडकविलेले असते तेवढेच, असा सर्वसाधारण श्रोत्याचा समज असतो. परंतु तारांखाली बसविलेले चुंबकीय पिकअप त्या तारांच्या कंपनातून जो अत्यल्प विद्युत्-दाब निर्माण करते, त्याने एकट्याने कानाला सुखावेल असा नाद उमटत नाही. तो दाब वाढविणारा अँप्लिफायर आणि वाढलेल्या विद्युत्-शक्तीला पुन्हा हवेच्या कंपनाचे रूप देणारा स्पीकर, ही दोन्ही अंगे लाभल्यावरच ते वाद्य पुरे होते. सतारीला जसा भोपळा, तसा विद्युत्-गिटारला स्पीकर. घरात रेडिओ वा ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी जो चांगला स्पीकर घेतात, तो मूळ नादात आपल्या पदरची भर न घालण्याची दक्षता घेतो. गिटारचा १२ इंची स्पीकर मात्र सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचे कर्कश स्वरांश बव्हंशी गाळून टाकतो, मधल्या पट्टीला उठाव देतो, आणि अशा रीतीने वादकाच्या नादाला त्याचे अखेरचे स्वरूप प्राप्त करून देतो.

असे स्पीकर ज्या लाकडी पेटीत बसवितात, तिला वादक मंडळी कॅबिनेट म्हणतात. समोरून पाहणाऱ्यास जाळीदार कापड तेवढे दिसते. पाठीमागची फळी उघडली, म्हणजे दोन किंवा चार स्पीकर, त्यांच्या पाठीवरची जड चुंबके आणि एका स्पीकरपासून दुसऱ्याकडे गेलेले काळ्या-तांबड्या तारांचे काही तुकडे दृष्टीस पडतात. या तुकड्यांची मांडणी कशी केली आहे, यावर तीन गोष्टींचा निकाल लागतो: अँप्लिफायरला किती भार पेलावा लागेल, प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला किती शक्ती येईल, आणि सर्व स्पीकर एकाच दिशेने हलतील की एकमेकांच्या विरुद्ध. अमुक स्पीकर गोड की तमुक, हा रुचीचा प्रश्न आहे आणि तो ज्याचा त्याने सोडवावा. परंतु जोडणी बरोबर की चूक, हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न आहे, आणि ज्याला बेरीज, गुणाकार व भागाकार येतो त्याला तो हिशेब मांडता येत असल्यामुळे, तो अंदाजावर सोपविण्याला कोणतीही सबब उरत नाही.

चार स्पीकरांच्या पेटीचा इतिहास आपल्याला पश्चिम लंडनमधील हॅनवेल या उपनगरात नेतो. जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाने, जो ड्रमचे शिक्षणही देत असे, १९६० साली तेथील अक्सब्रिज रोडवर वाद्यविक्रीचे दुकान उघडले. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकेतील फेंडर कंपनीचे अँप्लिफायर हवेसे वाटत, पण इंग्लंडात ते फार महाग पडत. तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांच्या साहाय्याने मार्शलने फेंडरच्या 'बासमन' या अँप्लिफायरचा आराखडा समोर ठेवून १९६२ साली 'जेटीएम ४५' हा आपला पहिला अँप्लिफायर सिद्ध केला. विद्युत्-मंडलाची रचना बव्हंशी मूळचीच राहिली. पेटीत मात्र मोठा फरक झाला. बासमनमध्ये १० इंची चार स्पीकर अँप्लिफायरसह एकाच पेटीत असत व तिची पाठ पुरती बंद नसे; मार्शलने अँप्लिफायर वेगळा काढला, आणि सेलेस्टियन या इंग्लिश कारखान्याचे १२ इंची चार स्पीकर पाठ बंद असलेल्या स्वतंत्र पेटीत बसविले.

चार स्पीकर घेण्यामागे दिमाखाचा हेतू नव्हता. त्या काळच्या १२ इंची स्पीकरची सहनशक्ती १५ ते २० वॉटांच्या घरात असे, आणि अँप्लिफायर पूर्ण जोराने वाजविला असता तो मारा एकट्यादुकट्या स्पीकरला झेपण्यासारखा नव्हता. म्हणून भार चौघांत वाटून देण्याची तजवीज झाली. पुढे १९६५ मध्ये 'द हू' या वाद्यवृंदातील पीट टाउनशेंड याने अधिक जोराची मागणी केली, आणि त्याच्या आग्रहावरून आठ स्पीकरांची एकच अवाढव्य पेटी तयार झालीही; परंतु ती उचलणाऱ्या माणसांच्या कमरा मोडू लागल्या, तेव्हा आठांच्या जागी चार-चार स्पीकरांच्या दोन पेट्या एकीवर एक रचण्याचा मार्ग निघाला. अँप्लिफायर सर्वांत वर, त्याखाली तिरप्या कपाळाची पेटी आणि तिच्याखाली सरळ पेटी, अशी ती उतरंड आजही जगभरच्या रंगमंचांवर उभी असते. ती उतरंड ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्व भार वाटून घेण्याचे आहे, आणि ही वाटणी तारांच्या जोडणीने होते.

जोडणीचा विचार करण्यापूर्वी स्पीकरच्या अंतरंगाकडे थोडे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा संशोधकांनी १९२५ साली ज्या रचनेचे विवरण प्रसिद्ध केले, तीच रचना आजच्या गिटार-स्पीकरांतही मूलतः कायम आहे. चुंबकाच्या वर्तुळाकार फटीत बारीक तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, म्हणजे कॉइल, अधांतरी राहील असे बसविलेले असते, आणि ते वेटोळे कागदी शंकूच्या मुळाशी चिकटविलेले असते. वेटोळ्यातून एका दिशेने विद्युत्प्रवाह गेला की शंकू पुढे सरकतो, प्रवाहाची दिशा उलटली की मागे येतो, आणि ही ये-जा सेकंदाला जितक्या वेळा होईल तितक्या कंपनसंख्येचा स्वर आपल्या कानी पडतो.

हे वेटोळे प्रवाहाला जो अटकाव करते, तो ओहम या एककात मोजतात. ज्याचे नाव या एककाला दिले गेले, तो गेओर्ग सिमोन ओहम हा जर्मन गृहस्थ कोलोनच्या एका शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. प्रवाह हा दाबाच्या सम प्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा त्याचा सिद्धांत १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. स्वदेशात त्याची प्रारंभी उपेक्षाच झाली, आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिल्यानंतर त्याच्या कार्याचे चीज झाले. स्पीकरच्या पेटीतला सारा हिशेब त्या एका सिद्धांतातून निघतो.

मात्र स्पीकरच्या पाठीवर ८ किंवा १६ ओहम असा जो आकडा छापलेला असतो, तो साध्या रोधाचा आकडा नव्हे. मल्टिमीटर लावून पाहिल्यास ८ ओहमचा स्पीकर साधारणपणे ६ ते ७ ओहम दाखवितो, आणि १६ ओहमचा १२ ते १३. याचे कारण असे, की मीटर एकदिश प्रवाहाने मोजतो, तर संगीताचा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलणारा असतो; त्या बदलत्या प्रवाहाला वेटोळ्याच्या तारेखेरीज वेटोळ्यातील चुंबकीय प्रवर्तन आणि शंकूची हालचाल यांचाही अडथळा होतो. या एकत्रित अटकावाला संरोध म्हणतात. वादकांच्या बोलण्यातला 'इम्पीडन्स' तो हाच. तो प्रत्येक स्वराला निराळा असतो. सेलेस्टियनच्या जी१२एम या प्रसिद्ध स्पीकरची स्वाभाविक कंपनसंख्या ७५ हर्ट्झ सांगितली जाते, आणि त्या जागी त्याचा संरोध छापील आकड्याच्या अनेकपट चढतो. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला बोलत असल्यामुळे ही चढण वादकाच्या नेहमीच्या वापरातलीच आहे. तेव्हा छापील आकडा हा कारखानदाराने व्यवहारासाठी ठरविलेला नाममात्र आकडा समजावा. परंतु जोडणीचा हिशेब सर्वत्र त्याच आकड्यावर करण्याची वहिवाट आहे आणि ती पुरेशी ठरते.

दोन स्पीकर जोडण्याच्या रीती दोनच आहेत. पहिल्या रीतीत अँप्लिफायरकडून आलेली तार पहिल्या स्पीकरच्या धन टोकाला लावतात, त्याच्या ऋण टोकापासून निघालेली तार दुसऱ्याच्या धन टोकाला नेतात, आणि दुसऱ्याच्या ऋण टोकापासून परतीची तार अँप्लिफायरकडे आणतात. ही एकसर जोडणी. येथे सगळ्या प्रवाहाला दोन्ही वेटोळ्यांतून एकापाठोपाठ जावे लागत असल्यामुळे अटकावांची बेरीज होते. ८ आणि ८ मिळून १६. दुसऱ्या रीतीत दोन्ही धन टोके एकत्र आणि दोन्ही ऋण टोके एकत्र करतात. ही समांतर जोडणी. येथे प्रवाहाला दोन वाटा मिळतात, म्हणून अटकाव निम्मा होतो. ८ आणि ८ मिळून ४. समान संरोधाचे कितीही स्पीकर समांतर जोडले, तरी एकाच्या संरोधाला त्यांच्या संख्येने भागावे. संरोध भिन्न असतील, तर दोहोंच्या गुणाकाराला दोहोंच्या बेरजेने भागावे. ८ आणि १६ हे दोन समांतर जोडले, तर १२८ ला २४ ने भागून सव्वापाचाहून थोडा अधिक ओहम येतो.

फेंडर कंपनीने समांतर रीतीला पसंती दिली. तिच्या 'ट्विन रिव्हर्ब' या अँप्लिफायरमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून ४ ओहमचा भार होतो, आणि चार स्पीकरांच्या बासमनमध्ये ८ ओहमचे चौघे समांतर जोडून अवघा २ ओहमचा. कारखान्याने अँप्लिफायरची रचनाच त्या भाराला जुळणारी केली असल्यामुळे तेथे काही बिघडत नाही. मार्शलच्या पेटीचा वापर निराळा होता. ती अँप्लिफायरपासून वेगळी होती, एकाच अँप्लिफायरला अशा दोन पेट्या जोडायच्या असत, आणि तेव्हा भार फार खाली उतरू देणे परवडणारे नव्हते. चार स्पीकर नुसते एकसर जोडावेत तर १६ ओहमच्या चौघांचा संरोध ६४ होतो. नुसते समांतर जोडावेत तर ४ होतो. या दोहोंचा मिलाफ केला की चौघांचा मिळून संरोध पुन्हा एकाच स्पीकरइतका, म्हणजे १६ ओहम भरतो, आणि ही संमिश्र जोडणी चार स्पीकरांच्या पेटीत रूढ झाली.

ती प्रत्यक्ष कशी करतात, ते पाहू. पेटीच्या पाठीमागून पाहताना वरच्या डाव्या स्पीकरला पहिला, त्याच्या खालच्याला दुसरा, वरच्या उजव्याला तिसरा आणि त्याच्या खालच्याला चौथा म्हणावे. जॅकच्या टोकाकडून, म्हणजे धन बाजूकडून, दोन तारा निघतात. एक पहिल्याच्या धन टोकाला आणि दुसरी तिसऱ्याच्या धन टोकाला जाते. पहिल्याचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला आणि तिसऱ्याचे ऋण टोक चौथ्याच्या धन टोकाला जोडावे. राहता राहिली दुसऱ्याची आणि चौथ्याची ऋण टोके. ती दोन्ही जॅकच्या ऋण बाजूला आणून सोडावीत. तारांचे तुकडे सहा झाले आणि जोडणी पुरी झाली. डावी जोडी ३२ ओहमची, उजवी जोडी ३२ ओहमची, आणि दोन्ही समांतर असल्यामुळे एकूण १६.

हीच बेरीज दुसऱ्या क्रमानेही साधता येते. आधी दोन-दोन स्पीकर समांतर जोडून ८ ओहमच्या दोन जोड्या कराव्यात आणि मग त्या जोड्या एकसर जोडाव्यात. एकूण १६ च. चारही स्पीकर धडधाकट असेतोपर्यंत या दोन क्रमांत प्रत्येकाचा हिस्सा तोच राहतो. भेद दिसतो तो एखाद्या स्पीकरचे वेटोळे तुटल्यावर, आणि तो भेद समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या क्रमात एक स्पीकर गेला की त्याच्या जोडीदाराची वाट बंद होते आणि तोही मुका होतो. उरलेली जोडी निम्म्या-निम्म्या वाटणीने वाजत राहते आणि अँप्लिफायरला ३२ ओहमचा भार दिसतो. दुसऱ्या क्रमात स्पीकर गेला तरी त्याचा जोडीदार वाजत राहतो, म्हणून वरवर पाहता हा क्रम अधिक हितावह वाटेल. परंतु आता एकूण भार २४ ओहमचा झाला, त्यातले १६ ओहम त्या एकट्या जोडीदाराचे, आणि म्हणून एकूण शक्तीचा दोन-तृतीयांश हिस्सा त्या एकट्याच्या माथी येतो. आधीच तोलामोलाने वापरात असलेला स्पीकर अशा ओझ्याखाली फार काळ टिकत नाही. पहिल्या क्रमात बिघाड झाला की अर्धी पेटी गप्प होऊन तक्रार उघडपणे कानी येते, आणि माझ्या मते तीच या क्रमाची मोठी जमेची बाजू आहे.

येथून आपण शक्तीच्या वाटणीकडे वळतो. समान संरोधाचे चार स्पीकर वरीलपैकी कोणत्याही रीतीने जोडा, प्रत्येकाला एकूण शक्तीचा चौथा हिस्साच मिळतो. त्यामुळे २५ वॉटांच्या चार स्पीकरांची पेटी एकसर, समांतर किंवा संमिश्र कशीही जोडली तरी १०० वॉटांचीच राहते, आणि जोडणी बदलल्याने पेटीची सहनशक्ती वाढते ही समजूत निराधार आहे. संरोध असमान असले, की मात्र वाटणी विषम होते. ३० वॉटांच्या अँप्लिफायरला ८ आणि १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर ८ ओहमवाल्याच्या वाट्याला २० वॉट आणि १६ ओहमवाल्याच्या वाट्याला १० वॉट येतात. तेच दोघे एकसर जोडले, तर वाटणी बरोबर उलटी होते. घरात पडून असलेले भिन्न स्पीकर एका पेटीत बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो; त्यांनी ही वाटणी आधी कागदावर मांडून, दुबळ्या स्पीकरच्या वाट्याला त्याच्या ताकदीबाहेरचा हिस्सा येत नाही ना, याची खातरजमा करावी.

संरोध समान पण जात निराळी, असे मिश्रण मात्र जाणते लोक मुद्दाम करतात. सेलेस्टियनचा २५ वॉटांचा जी१२एम आणि त्याच कारखान्याचा ६० वॉटांचा 'व्हिंटेज ३०' यांचे दोन-दोन नग एका पेटीत कर्णरेषेवर बसवितात, म्हणजे वर-खाली व डावी-उजवीकडे दोन्ही नाद मिसळून ऐकू येतात. यात ध्यानात ठेवण्यासारख्या गोष्टी दोन. तितक्याच शक्तीवर व्हिंटेज ३० हा जी१२एम पेक्षा सुमारे २ डेसिबल अधिक बोलका असल्यामुळे मिश्रणात त्याचा वरचष्मा राहतो; आणि प्रत्येकाला समान हिस्सा मिळत असल्यामुळे पेटीची एकूण सहनशक्ती सर्वांत दुबळ्या स्पीकरच्या चौपटीपेक्षा, म्हणजे १०० वॉटांपेक्षा, अधिक धरता येत नाही.

आता हा भार ज्याला पेलायचा, त्या अँप्लिफायरच्या बाजूने विचार करू. गिटारवादकांना अजूनही प्रिय असलेल्या निर्वात नलिकांच्या अँप्लिफायरमध्ये नलिकांना समोर काही हजार ओहमचा भार लागतो, आणि स्पीकर तर ८ किंवा १६ ओहमचा. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, करते. त्याच्या दोन बाजूंच्या वेढ्यांचे जे गुणोत्तर, त्याच्या वर्गाच्या पटीत संरोध बदलतो. ईएल३४ जातीच्या दोन नलिकांच्या ५० वॉटी अँप्लिफायरला सुमारे ३,४०० ओहम हवे असतील आणि स्पीकर १६ ओहमचा असेल, तर भागाकार साडेदोनशेच्या आत, २१२ च्या आसपास येतो, आणि त्याचे वर्गमूळ साडेचौदा. म्हणजे रोहित्राच्या नलिकांकडील बाजूला स्पीकरकडील बाजूच्या साडेचौदापट वेढे लागतात. अँप्लिफायरच्या पाठीवर ४, ८ आणि १६ असे आकडे असलेली जी कळ असते, ती या वेढ्यांतले निरनिराळे टप्पे निवडते. पेटीचा हिशेब जितका आला असेल, त्याच आकड्यावर कळ ठेवावी.

नलिकांच्या अँप्लिफायरला सर्वांत मोठी जोखीम स्पीकर मुळीच न जोडण्याची असते. भार नसताना वाजविले, तर रोहित्रात साठलेल्या चुंबकीय ऊर्जेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही, दाब उसळून हजार व्होल्टांच्याही पलीकडे जातो, आणि नलिकेच्या बैठकीवर ठिणगी पडणे किंवा रोहित्राचे आवरण फुटून ते कायमचे निकामी होणे ओघानेच येते. म्हणूनच फेंडरच्या अँप्लिफायरांत मुख्य स्पीकरचा जॅक असा केलेला असतो, की त्यातून प्लग काढला असता दोन टोके आपोआप एकमेकांना भिडतात. भार अजिबात नसण्यापेक्षा टोके भिडलेली पत्करतात, ते याच कारणाने. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरची प्रकृती याउलट आहे. त्याला स्पीकर नसला तरी सहसा चालते, भार अधिक ओहमचा झाला तर शक्ती तेवढी कमी मिळते. परंतु भार ठरलेल्या मर्यादेखाली गेला, तर प्रवाह बेसुमार वाढून ट्रान्झिस्टर तापतात व जळतात. किमान ४ ओहम असे ज्यावर लिहिले आहे, त्याला २ ओहमची पेटी जोडणे म्हणजे त्याच्या अंताची व्यवस्था करणे होय.

तिसरा मुद्दा दिशेचा. चार स्पीकरांपैकी एकाची धन व ऋण टोके उलटी लागली, तर ओहमचा हिशेब जसाच्या तसा बरोबर येतो, मीटरलाही काही आढळत नाही. पण तीन शंकू हवा पुढे लोटत असताना चौथा ती मागे ओढतो, खालच्या स्वरांचे बळ निघून जाते आणि नाद पोकळ होतो. दोन स्पीकरांच्या पेटीत हा दोष असला, तर खर्जाची बाजू जवळजवळ नाहीशी होते. बहुतेक स्पीकरांवर धन टोकाशी तांबडा ठिपका किंवा अधिकचे चिन्ह असते, पण जुन्या मालात ते पुसलेले आढळते, आणि काही कारखान्यांचा शिरस्ता एकेकाळी उलटाही होता. याची परीक्षा सोपी आहे. दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याची धन बाजू स्पीकरच्या एका टोकाला आणि ऋण बाजू दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवावी. शंकू पुढे सरकला, तर सेलची धन बाजू जेथे लागली तेच धन टोक. सेल टेकवून ठेवू नये, टेकवावा आणि उचलावा. चौघांची परीक्षा होऊन धन टोकांवर खूण केल्याखेरीज पुढच्या कामाला हात घालू नये.

तारेच्या बाबतीत कुचराई करणारे पुष्कळ भेटतात. १०० वॉटांच्या अँप्लिफायरला १६ ओहमची पेटी जोडली, तर तारेतून अडीच अँपिअर प्रवाह जातो; ४ ओहमची जोडली, तर ५ अँपिअर. गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत जी जाळीच्या आवरणाची तार वापरतात, तिच्या गाभ्यातील केसासारखे बारीक पदर या प्रवाहासाठी केलेलेच नसतात. बाहेरून प्लग सारखाच दिसतो म्हणून ती तार स्पीकरला लावली, तर ती तापते आणि तुटली म्हणजे वर सांगितलेला भाराविना वाजण्याचा प्रसंग ओढवतो. पेटीच्या आत एक ते दीड चौरस मिलिमीटरची, अनेक पदरांची तांब्याची तार घ्यावी. अँप्लिफायर ते पेटी हे अंतरही तशाच जाड दुपदरी तारेने जोडावे. तार, जॅक, मीटर हे सारे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून सहज मिळते, आणि त्याला फार खर्च पडत नाही.

डाख देण्याचे काम शांतपणे करावे. स्पीकरच्या टोकापासून वेटोळ्याकडे जाणारी लवचीक वेणी त्याच टोकाच्या पाठीला डाखलेली असते. म्हणून सोल्डरिंग आयर्न तेथे फार वेळ दाबून धरले, तर बाहेरची तार जोडता जोडता आतली वेणी सुटते. तारेचे टोक आधी कथिलाने मढवावे, टोकातील छिद्रातून ओवून वळवावे, आणि मग दोन-तीन सेकंदांत डाख वाहून चमकू लागला की आयर्न उचलावे. पेटी पालथी असताना काम करीत असल्यास शंकूवर जाड कागद पसरावा, म्हणजे वितळलेला थेंब शंकूवर पडणार नाही. राळ भरलेला डाखच वापरावा. नळ-पत्र्याच्या कामातले आम्लयुक्त द्रव्य काही महिन्यांत सांधा खाऊन टाकते. तारा शंकूला किंवा त्याच्या वेणीला स्पर्श करणार नाहीत, अशा बेताने पेटीच्या बाजूंना बांधून टाकाव्यात, कारण मोकळी तार खर्जाच्या स्वराला हमखास तडतडते. जॅकमध्ये प्लगचे टोक ते धन आणि त्याची नळी ते ऋण, हा संकेत सर्वत्र पाळला जातो.

काम झाल्यावर अँप्लिफायर जोडण्यापूर्वी पेटीच्या जॅकवर मीटर लावावा. १६ ओहमच्या चार स्पीकरांची संमिश्र जोडणी असेल, तर मीटरने १२ ते १३ ओहम दाखविले पाहिजेत. २५ च्या आसपास आकडा आला, तर एका जोडीत कोठेतरी तार सुटली आहे किंवा वेटोळे तुटले आहे. ३ ओहमच्या जवळपास आला, तर चौघेही चुकून समांतर जोडले गेले आहेत. आणि शून्य आला, तर दोन टोके परस्परांना टेकली आहेत. एका मिनिटाच्या या परीक्षेने हजारो रुपयांचे रोहित्र वाचते. पेटीवर दोन जॅक असले, तर ते बहुधा समांतर असतात, म्हणून दुसरी पेटी पहिलीतून जोडली की १६ आणि १६ चे ८ होतात, आणि अँप्लिफायरची कळ ८ वर आणावी लागते. मार्शलच्या '१९६० ए' या पेटीवर १६ ओहम, ४ ओहम आणि दोन बाजू वेगळ्या केल्यास प्रत्येकी ८ ओहम अशी निवड करता येते. तेथे कळ आणि प्लग कोठे आहेत हे वाचल्याशिवाय वाजविण्यास बसू नये. एक इशारा मात्र आवर्जून द्यावासा वाटतो: स्वतंत्र पेटीत घातक दाब नसतो, पण ज्या पेटीत अँप्लिफायरही आहे, त्यातील धारित्रांत वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्टांचा साठा राहू शकतो, आणि तो भाग माहितगाराशिवाय कोणीही उघडू नये.

ज्यांना आपली पेटी आपल्या हाताने जोडायची आहे, त्यांना एवढीच विनंती, की पहिली तार कापण्याआधी कागदावर आकृती काढावी, तिच्याखाली एकूण ओहम आणि प्रत्येकाच्या वाट्याचे वॉट मांडावेत, आणि काम संपल्यावर तोच मजकूर पाठीमागच्या फळीच्या आतल्या अंगावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. बाहेर, जॅकच्या शेजारीही एकूण ओहम व वॉट लिहावेत. ती पेटी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला अँप्लिफायरची कळ कोठे ठेवायची हे कोणालाही न विचारता कळले पाहिजे.